मंडळाच्या नावाने

"गेलं म्हणजे पोहोचलं असं नसतं, ताई."

पडद्यावर 'मेल पाठवला' असं आलं की मी निवांत व्हायचे, आणि शेजारच्या टेबलावरून भाऊंचं हे वाक्य यायचं. मग चष्मा कपाळावर ढकलून ते समोरच्याला फोन लावायचे. "मिळाला का? उघडून बघा. मी थांबतो." आणि खरोखर थांबायचे.

जळगावात आमचं वधू-वर सूचक मंडळ आहे. मी तिथे फोन घेते, स्थळांची माहिती भरते. मंडळाची वेबसाइट, ती चालवणारा सर्व्हर आणि तिथून स्थळांना जाणारे मेल, हे सगळं त्यांच्याकडे होतं. आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. मूळचे धुळ्याचे, पन्नाशी ओलांडलेले, शहरातल्या मेहरूण भागात एका खोलीत एकटे राहायचे. लग्न केलं नव्हतं. का, हे विचारायचं धाडस लग्नं जुळवणाऱ्या आम्हा बायकांनाही झालं नाही, यावरून काय ते ओळखा.

मेल नीट जातो का हे बघायला त्यांनी स्वतःचंच एक स्थळ भरून ठेवलं होतं. सर्व्हरवर काही बदललं की त्या स्थळाला पसंती कळवायची आणि मेल आपल्या पत्त्यावर येतो का ते पाहायचं. 'अभिनंदन. आपल्या स्थळाला पसंती आली आहे.' आमच्या संचालिका अक्का म्हणायच्या, "भाऊ, जिल्ह्यात सगळ्यात जास्त पसंती तुम्हालाच." ते हसायचे. एकदा मात्र असा एक मेल त्यांनी उघडला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. काम तर केव्हाच झालं होतं.

दुपारी धुळ्याहून आईचा फोन आला की ते जिन्यात जायचे आणि अहिराणीत सांगायचे, जेवलोय, सगळं बरं आहे. "हा, जेवण व्हयनं. बठ्ठं बरं शे." डबा टेबलावर बंदच असायचा.

आपले मेल उघड्यावर जातात, हे त्यांनी अक्कांना पुष्कळदा सांगितलं होतं. "पोस्टकार्डासारखं आहे. वाटेत कुणीही वाचेल. आपला पासवर्डसुद्धा." अक्का म्हणायच्या, "लग्नसराई होऊ द्या."

लग्नसराईतच ते घडलं. फैजपूरहून एका निवृत्त एसटी ड्रायव्हरांचा फोन आला. त्यांची मुलगी शिवणकाम करायची. वय वाढलेलं, स्थळं येणं थांबलेलं. तिला मंडळाकडून मेल आला होता, की मुलाकडचे रविवारी बघायला येताहेत.

"आमी दिवसभर वाट पाह्यली," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "कोनीच आलं नाही. आसं नका करू."

असा मेल आम्ही पाठवलाच नव्हता. मंडळाचा पासवर्ड कुणाच्या तरी हाती लागला होता आणि त्याने आमच्या नावाने खोडी काढली होती. कोण, ते शेवटपर्यंत कळलं नाही. भाऊ एवढंच म्हणाले, "दार आपलंच उघडं होतं."

त्यांनी सगळे मेल थांबवले. पासवर्ड बदलला. मेल बंद पाकिटातून जावा तशी नवी जोडणी करायला घेतली. शिवाय दुसऱ्या कुणी मंडळाच्या नावाने पाठवलेला मेल समोरून नाकारला जावा, अशी व्यवस्था. पण जोडणी काही केल्या होईना. आमचे मेल पुढे पोहोचवणाऱ्या पलीकडच्या मेल-सर्व्हरचं ओळखपत्र आमचा सर्व्हर खरं मानेना. इकडे स्थळांचे फोन वाजत होते. अक्का वैतागल्या.

"ती ओळख तपासणंच बंद करा ना. चालतं म्हणे तसं."

"चालतं. पण मग पलीकडे कोण आहे ते न विचारताच आपण पत्ते, फोन नंबर देत सुटणार. मुलींचे आहेत ते, अक्का."

तपासणी त्यांनी बंद केली नाही. कुठे अडतंय ते शोधत बसले, शेवटी सापडलं, आणि मेल सुरू झाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "फैजपूरला जायचंय. मला बोलता येत नाही. तुम्ही चला."

फैजपूरला त्यांच्या पुढच्या खोलीत शिलाई मशीन होतं. पाहुण्यांसाठी शेजारून आणलेल्या खुर्च्या अजून परत गेल्या नव्हत्या. आम्ही त्यांवरच बसलो. बोलता येत नाही म्हणणारे भाऊच बोलले, काय झालं ते सगळं सांगितलं, माफी मागितली. वडील खाली बघून ऐकत राहिले. मुलीने एकच विचारलं. "त्या मेलमधला मुलगा, तो तरी खरा होता का?"

भाऊ म्हणाले, "नाही. तसं कुणी नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. "मला वाटलं, फोटो पाहून त्यानं नको म्हटलं असंल." आणि चहा ठेवायला आत गेली.

परतीच्या बसमध्ये मला राहवलं नाही. "भाऊ, मुलगी चांगली आहे. तुम्हीच का नाही विचारत?"

"माफी मागायला गेलेला माणूस स्थळ म्हणून कसा उभा राहील, ताई?" त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. बाहेर केळीच्या बागा मागे जात होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचं ते चाचणीचं स्थळ काढून टाकलं. "आता गरज नाही," म्हणाले.

पुढे आई आजारी पडली म्हणून ते धुळ्याला गेले. वेबसाइटचं काम बाहेरच्या कंपनीकडे गेलं. फैजपूरच्या मुलीचं चोपड्याला जमलं तेव्हा मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, "खरे लोक आहेत ना? तुम्ही बघून आलात?"

आई गेल्यावर फोन कमी झाले. "काही काम निघालं तर कळवा," एवढं म्हणायचे. काम निघालं नाही.

या उन्हाळ्यात मी एका लग्नासाठी धुळ्याला गेले, तेव्हा पत्ता विचारत भाऊंच्या घरी पोहोचले. दाराला कुलूप. शेजारच्या ओट्यावरून एक म्हातारी उठली. भाऊंना दवाखान्यात नेलं होतं, ते परत आलेच नाहीत, असं तिने सांगितलं. मग माझ्याकडे निरखून पाहिलं.

"तुम्ही त्यास्ना कोण?"

ऑफिसात सोबत होतो, असं काहीतरी मी म्हणाले. ती आत गेली आणि भाऊंच्या घराची किल्ली घेऊन आली.

"मनाजोडे शे कवयपासून. कोणी उनंच नही. कोणले देऊ?"

किल्ली न्यायला कुणी आलंच नव्हतं. तिने तळहात पुढे केला. मी तिच्या शेजारी ओट्यावर बसले. किल्ली तिच्या हातात तशीच होती.