वळणाच्या पाटीवरचा फ्लेक्स

जीवन सरांच्या सेवापूर्तीचा फ्लेक्स मी वालूरच्या अलीकडच्या वळणावर बांधला आणि दुपारी एक टेम्पो वळायचं सोडून सरळ तुरीच्या शेतात गेला. ड्रायव्हरचा हात मोडला. फ्लेक्सवर जीवन सर हात जोडून हसत होते. खाली मजकूर माझा, 'विद्यार्थ्यांच्या वाटेवरील दीपस्तंभ'. या दीपस्तंभामागं काय झाकलं जातंय, हे बांधताना दिसत होतं मला. तांबड्या त्रिकोणात वाकडा बाण, खाली 'पुढे वळण आहे'. पण खांब मोक्याचा. येणारा-जाणारा तिथंच बघतो. कशासाठी बघतो, एवढं मात्र डोक्यात आलं नाही.

ड्रायव्हरला जीपनं सेलूला धाडलं आणि मी दोरीच्या गाठी सोडायला लागलो. गाठ सुटेना. तेवढ्यात एक म्हातारा विळा घेऊन येताना दिसला. म्हटलं, आता आपलं काही खरं नाही. त्यानं मला बाजूला सारलं, दोऱ्या कापल्या, सरांची घडी घातली आणि काखेत मारली. "शेळ्यायला व्हईल," एवढंच म्हणाला.

हे नागनाथमामा. वळणालगत घर, पोटाला मजुरी, दारात शेळ्या. त्यांच्या मागं गेलो, तर शेळ्यांचं छप्पर म्हणजे अख्खं तालुक्याचं राजकारण. भावी आमदार, युवा नेते, मधेच कुणाचं तरी पहिल्या वाढदिवसाचं बाळ. पाटीवर कुणी काही बांधलं की मामा कापून आणतात. त्यापायी शिव्या खाल्ल्या, एकदा मारही खाल्ला. सकाळी आधी पाटी बघून येतात, मगच लेक सुकेशनीला कॉलेजच्या जीपमध्ये बसू देतात.

कारण तिचा थोरला भाऊ सिद्धोधन असाच जीपनं घरी येत होता. ड्रायव्हर बाहेरगावचा, रस्त्याला नवा. पाटीवर कुठल्याशा दादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. त्यानं शुभेच्छा वाचल्या की नाही कोण जाणे, जीप सरळ गेली. सिद्धोधन घर दिसत असताना गेला.

दुसऱ्या दिवशी त्याचे मित्र रडत आले आणि त्यांनी भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स बांधला. कुठं, तर त्याच खांबावर, त्याच पाटीवर. लोक तिथं बघतात ना. अंत्यविधी उरकून परतताना मामांना तो दिसला. ते घरात गेले, विळा घेऊन आले आणि सगळ्यांदेखत दोऱ्या कापल्या. मित्रांनी येणं सोडलं. माणसाचं डोकं फिरलंय, असं गाव म्हणालं. बायको चांगुणाबाई कितीतरी दिवस बोलली नाही. लेकाचा एवढा मोठा फोटो घरात दुसरा नव्हता. तिनं तेवढा कापून भिंतीला लावला. उरलेला मजकूर शेळ्यांवर आहे. 'तू आमच्या हृदयात सदैव' इथपर्यंत वाचता येतं, पुढचं शेळीनं खाल्लंय.

मी वाचत उभा राहिलो. मी शाळेतला मास्तर, गावाला असले मजकूर लिहून देणाराही मीच, त्यामुळे राहवलं नाही. विचारलं, "मामा, लेकाचा होता. कापायच्या आधी वाचला तरी का?"

मामा सरांची घडी उलगडत होते. मान वर न करता म्हणाले, "वाचायचं त्याच्या मागं व्हतं, गुर्जी."