टोमॅटो, मामी आणि स्पीडब्रेकर

माझ्या बायकोच्या मामांइतका तोलूनमापून जगणारा माणूस ओतूरपासून आळेफाट्यापर्यंत नाही, आणि त्यापलीकडे कुणी असलाच तर त्यानं येऊन मामांचे पाय धरावेत! नफा-तोटा पाहिल्याशिवाय हा माणूस शिंकतसुद्धा नाही. हेल्मेट घ्यायचं ठरलं, पण दुकानदाराच्या शब्दावर विश्वास कोण ठेवतो? मामांनी एक कलिंगड हेल्मेटात घट्ट बसवून गच्चीवरून सोडलं आणि दुसरं तसंच बोडकं सोडलं. बोडकं अंगणभर झालं. तेव्हापासून मामा पिकअप चालवतानाही हेल्मेट घालतात. कुणी हसलं की म्हणतात, "पावणं, कलिंगड दुसरं आणता येतं."

पुढे वस्तीसमोरचा रस्ता रुंद झाला नि गाड्या सुसाट सुटल्या. मामी रोज सकाळी दुधाची किटली घेऊन पलीकडच्या डेअरीत जायच्या. गुडघे दुखरे, चाल संथ. एकदा तर ट्रक त्यांच्या पदराला चाटून गेला. स्पीडब्रेकर मागावा, तर अख्खी वस्ती टोमॅटोवाली! "आदळून माल फुटतो, राव!" म्हणून सगळे विरोधात, आणि सगळ्यांत जास्त टोमॅटो मामांचेच. आता मामा काय करतात, म्हणून माझाच जीव टांगणीला लागला. मामांनी शेतातल्या वाटेवर मुरमाचा उंचवटा घातला, पिकअपमध्ये आपलाच पिकलेला माल भरला, सगळ्यांना बांधावर उभं केलं आणि गाडी त्यावरून नेली. खालची कॅरेट काढली, तर रस गळत होता.

"नुसकान व्हतंय, खरं हाय," मामा म्हणाले. विरोधक खूश! मामांनी एक फुटका टोमॅटो सगळ्यांसमोर धरला. "ह्यो कमी भावानं का व्हईना, इकला जातो. पण आमची म्हातारी फुटली, तर कुठल्या बाजारात नेऊ, तेवढं सांगा."

मामी मागून म्हणाल्या, "म्हातारी कुणाला म्हणता वो?"

स्पीडब्रेकर झाला. मामांपुढे मी मनातल्या मनात हात जोडले ते कायमचे.

गेल्या पावसाळ्यात मामी आजारानं गेल्या. परवा मी मामांशेजारी पिकअपमध्ये बसलो होतो. स्पीडब्रेकरवर त्यांनी गाडी अगदी हळू घेतली, तरी मागं कॅरेट खडखडलीच.

"मामा, अजून माल फुटतो का हो?" मी विचारलं.

"फुटतो की." त्यांनी गिअर बदलला. "पण ती रस्त्यावर नाय गेली, पावणं. घरात गेली, माझा हात धरून. लई फायदा झाला."

एवढं बोलून मामांनी हेल्मेटची काच खाली ओढली.