जपानच्या पोरीचं सारवण

माझ्या लेकीला चाकाच्या बुटांचं वेड लागलं ते परळीत. माझी नणंद तिथल्या थर्मल वीजकेंद्राच्या वसाहतीत राहायची. उन्हाळ्याच्या सुटीत लेकीला तिच्याकडं धाडलं, तर तिथल्या बॅडमिंटनच्या कोर्टावर एक सर पोरांना स्केटिंग शिकवत होते. सुटी संपल्यावर पोरगी परत आली ती आत्यानं घेऊन दिलेले बूट छातीशी धरूनच. मी म्हणाले, "एवढी हौस होती तर आत्यानं परकर-पोलकं द्यायचं." पोरगी म्हणाली, "परकर घालून गिरकी न्हाई घेता येत."

मला वाटलं, येईल आणि जाईल हे खूळ. पण ते गेलं नाही. पुढं कितीतरी वर्षं ती दर रविवारी एसटीनं परळीला जायची आणि गुडघे फोडून यायची. तिचा प्रकार शर्यतीचा नव्हता. चाकांवर गाण्याच्या ठेक्यात फिरायचं, उडी मारायची, हवेत गिरकी घेऊन एका पायावर उतरायचं. सर म्हणायचे, पोरीच्या अंगात ताल आहे. मी म्हणायचे, अंगात वारं आहे.

आम्ही राहत होतो एका सहकारी साखर कारखान्याच्या वसाहतीत. तिथल्या शाळेत मी शिक्षिका आणि माझे मालक कारखान्यात फिटर. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस रुसला, ऊस वाळून गेला आणि कारखान्याचं धुराडं काही पेटलं नाही. मालक तरी रोज डबा घेऊन जायचे, बंद यंत्रांना तेल घालायचे आणि परत यायचे. मला ते बघवत नसे. एकदा मी विचारलंसुद्धा, "कुणासाठी घालता तेल?" तर जेवण अर्धं टाकून उठले. परळीलाही पाण्यावाचून थर्मलचे संच थांबले, नणंदेच्या नवऱ्याची बदली झाली, स्केटिंगचे सर गाव सोडून गेले. लेकीचा रविवार संपला.

तेव्हा मालकांना साखरेचं गोदाम आठवलं. वर्षानुवर्षं पोती ओढून ओढून तिथला कोबा असा गुळगुळीत झाला होता की अनवाणी चाललं तर पाय घसरावा. साखर नव्हतीच, गोदाम रिकामं पडलेलं. त्यांनी जाऊन विचारलं. संचालकांच्या बैठकीत म्हणे त्यावर बराच खल झाला. शेवटी एक म्हातारे संचालक म्हणाले, "साखर न्हाई तर न्हाई, पोरगी तरी फिरू द्या आत." किल्ली मिळाली.

दिवाळीनंतर कारखान्याच्या आवारात चारा छावणी लागली. आजूबाजूच्या वस्त्यांवरची माणसं आपापली गुरं घेऊन आली, पाचटाच्या खोपी घातल्या आणि तिथंच राहिली. अर्ध्या गोदामात कडबा रचला, उरलेलं अर्धं लेकीचं. टँकर यायचा तो आधी गुरांच्या हौदात रिकामा व्हायचा, मग माणसांच्या घागरी. दुपारी कामं उरकली की छावणीतल्या बाया गोदामाच्या दारात येऊन बसायच्या आणि लेकीकडं बघायच्या. त्यांच्यात एक मावशी होती, दोन म्हशी आणि एक खोंड घेऊन आलेली. लेक पडली की मावशी स्वतःचाच गुडघा धरायची. "अगं माय, फुटलं का गं? बाई, तुमच्या काळजाचा काय दगुड हाय का?" असं मला म्हणायची. काळजाचा दगड! पोरगी पडायची तेव्हा मी मुद्दाम वह्या तपासत बसायचे, हे तिला काय माहीत.

मोबाइलला रेंज मिळायची ती फक्त गोदामाच्या फलाटावर, जिथून ट्रक भरायचे तिथं. तिथं बसून लेक एका जपानी मुलीचे व्हिडिओ बघायची. ती मुलगी हिच्याच वयाची, बर्फावर फिरणारी, ज्युनियर गटात खेळणारी. पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती दोनदा आपटली आणि पार मागं राहिली. तरी उठली ती हसतच. मला तिचा रागच आला. पडल्यावर माणसानं हसावं कशाला? पण लेक म्हणाली, "आई, बघत राहा हिच्याकडं." पुढच्या स्पर्धेत ती वर सरकली. त्याच्या पुढच्या स्पर्धेत तिसरी आली आणि पदक गळ्यात घालताना तिला ते नीट धरताही येईना. लेक तिच्या उड्या थांबवून थांबवून बघायची आणि मग आत जाऊन कोब्यावर तशाच मारायची. दीड गिरकीची एक उडी होती, ती हिला काही केल्या साधेना.

बायाही मोबाइलभोवती गोळा व्हायच्या. "काय बारकी हाय गं! हिची माय हिला जेवाय घालती का न्हाई?" मलाही त्या मुलीची आईच दिसायची. कॅमेरा तिला कधी दाखवत नसे, पण ती तिथंच कुठंतरी ओठ चावत बसली असणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. खेळाच्या मध्ये एक मोठी गाडी बर्फावर सावकाश फिरायची आणि मागं ओला, चकचकीत पट्टा सोडत जायची. मावशीनं विचारलं, "ही गाडी कावून फिरती गं?"

लेक म्हणाली, "पाणी सोडती, मावशी. मग जमीन नवी व्हती. खेळायच्या आधी तसं करावंच लागतं."

"म्हंजी सारवत्यात," मावशी म्हणाली.

आम्ही सगळ्या हसलो. लेक म्हणाली, "हां, सारवत्यातच म्हण." तो विषय तिथंच राहिला. नाही म्हणायला एक बाई म्हणाली, "एवढं पाणी भुईवर वततेत व्हय?"

फेब्रुवारीच्या अखेरीस एका निवड करणाऱ्या सरांचा फोन आला. पुण्याला मोठं शिबिर होतं. त्यात घेतलं तर लेक राज्याकडून ज्युनियर गटात खेळणार होती. दुष्काळामुळं आमच्याकडची चाचणी रद्द झाली होती आणि ते स्वतःच गाडी घेऊन गावोगाव फिरत होते. लातूरला जाता जाता ते सकाळी आमच्याकडं थांबणार, मुलीला बघणार. परळीच्या सरांनी तिचं नाव सुचवलं होतं. लेकीचं ज्युनियरचं ते शेवटचं वर्ष. यंदा घेतलं नाही तर वय निघून जाणार आणि मग गोदाम, बूट, रविवार, सगळं पाण्यात. पाण्यात म्हणते मी, आणि पाणी तर कुठं नव्हतंच.

निवडीच्या सरांनी फोनवर विचारलं, "जमीन कशी आहे?"

मी म्हणाले, "काचेसारखी."

आदल्या दिवशी दुपारी लेकीची ती दीड गिरकी साधली. लागोपाठ साधत गेली. दारातल्या बाया टाळ्या वाजवायला लागल्या. मी वह्या बाजूला ठेवल्या आणि पहिल्यांदा उघड्या डोळ्यांनी नीट पाहिलं. माझी पोरगी हवेत होती. मला रडू आलं ते मी पदरानं पुसलं आणि बायांना सांगितलं, "उद्या साहेब येणार हायेत बघायला. कुणी मध्ये येऊ नका." तेवढंच सांगितलं. आणखी काय सांगायला हवं होतं, ते कुणाच्या बापाला सुचलं असतं?

सकाळी लेकीला घेऊन गोदामावर गेले, तर दार उघडं. आत हिरवा-ओला वास. मावशी आणि चार-पाच बाया दारात उभ्या होत्या, कोपरापर्यंत शेणानं भरलेल्या. सगळा कोबा या टोकापासून त्या टोकापर्यंत सारवलेला. उंबऱ्यात राखेची रांगोळी होती, गाईची पावलं आणि त्यांच्या शेजारी चाकाचे दोन बूट काढलेले. त्यावर हळद-कुंकू.

मावशी म्हणाली, "त्या जपानच्या पोरीला सारवून देत्यात, मग आपल्या पोरीला कावून न्हाई? जाड सारवलंय, भुसा घालून. आता पडली तरी लागायचं न्हाई."

"पाणी कुठलं घेतलं?" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"आमचंच. घागरी व्हत्या की भरलेल्या."

टँकर त्या दिवशी यायचा नव्हता. म्हणजे त्या बायांनी आपलं प्यायचं पाणी माझ्या पोरीच्या वाटेवर ओतलं होतं. आणि तिची वाट बंद केली होती. मला किंचाळायचं होतं. मी तोंड उघडलंही, पण लेकीनं माझं मनगट धरलं, असं घट्ट की बांगडी रुतली. ती मला बाजूला घेऊन गेली.

"त्यांना काई बोलायचं न्हाई तू."

"अगं, चाकं रुततील! फिरणार कशी तू?"

"खरवडलं तर खडे सुटतील. चाकाखाली ते लई वाईट."

"धुऊन काढू."

"कशानं?"

मी हौदाकडं धावले. तळाला गुरांपुरतं पाणी होतं. मी बादली बुडवली, भरून उचलली. मावशीचीच म्हैस मान लांब करून माझ्याकडं बघत होती. लेक मागून आली, माझ्या हातातून बादली घेतली आणि हौदात परत ओतली. त्या एका हौदानं अख्खं गोदाम धुऊन निघालं नसतं, हे मला कळत होतं. तरी आजही मला वाटतं, ओतायला हवं होतं. मी चांगली बाई नाही, मी तिची आई होते.

मालक कारखान्याच्या ऑफिसात फोनपाशी बसून टँकरवाल्याच्या हातापाया पडत होते. टँकर धारूरच्या पलीकडं होता. वसाहतीतला रस्ता खडीचा, शाळेचं मैदान मुरमाचं. दुसरी सपाट जागा अख्ख्या शिवारात नव्हती. तेवढ्यात सरांची गाडी फाटकातून आत आली.

सरांनी आत पाय टाकला आणि पाय उचलून आपल्या बुटाचा तळ पाहिला. "बाई, तुम्ही तर काचेसारखी म्हणाला होतात."

मी त्यांना दाराबाहेर नेलं आणि हात जोडले. म्हणाले, उद्या या, परवा या, तुम्ही म्हणाल तिथं मी घेऊन येते पोरीला. ते म्हणाले, आज संध्याकाळीच नावं द्यायची आहेत, लातूरला मुली थांबल्या आहेत. त्यांचंही खोटं नव्हतं. मी तरी हात सोडले नाहीत. तोवर आत गाणं लागलं. लेकीनं बूट चढवले होते.

ती फिरली. सुरुवातीला मला वाटलं, जमतंय की काय. मग चाकांना शेण-भुसा धरायला लागला. तिच्या मागं दोन काळे चर उमटत होते. ती जोर लावत होती, मानेच्या शिरा मला दारातून दिसत होत्या. दीड गिरकीसाठी ती वळली, उडाली, आणि अर्धीच फिरून खाली आली. सरांनी, बिचाऱ्यांनी, पुन्हा संधी दिली. पुन्हा तेच झालं. दोन्ही वेळा ती उठली आणि हसली. सर म्हणाले, "मुलीत गुण आहेत. पण मी जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगू शकतो." चहा न घेताच गेले.

मावशी धावत आत आली, लेकीचे दोन्ही गुडघे चाचपले. "लागलं न्हाई ना गं, माय?"

"न्हाई मावशी. जराबी न्हाई लागलं."

"मग! म्या म्हणलं व्हतं."

खरंच लागलं नव्हतं. संध्याकाळी मी तिचे गुडघे उजेडाला धरून पाहिले. जुने वण होते, नवा एक ओरखडा नव्हता. मी ढसाढसा रडले. ती रडली नाही. तिनं बसून खिळ्यानं चाकांमधला भुसा काढला, बूट पुसले आणि पलंगाखाली सारले. सारवणानं काय झालं, ते छावणी उठेपर्यंत बायांना कुणी सांगितलं नाही. लेकीची निवड झाली नाही, हे कळल्यावर मावशी म्हणाली, "त्या सायबाला नजरच न्हाई."

पुढच्या महिन्यात जपानच्या मुलीची ज्युनियरची शेवटची मोठी स्पर्धा झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी लेक स्वतःहून म्हणाली, "चल, बघू." आम्ही दोघी फलाटावर जाऊन बसलो. ती जिंकलीय हे लेकीला आधीच माहीत होतं. व्हिडिओ सुरू झाला. मुलगी अजून आली नव्हती. रिकाम्या बर्फावर ती गाडी सावकाश फिरत होती, मागं चकचकीत पाणी सोडत.

"आई, बघ," लेक म्हणाली, "सारवाय लागलेत."

आणि तिथं ती फुटली. गुडघ्यात डोकं घालून, हुंदके देत. मी मोबाइल बंद करायला गेले, तर तिनं तोंड वर न करताच माझा हात धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "तिची उडी बघायची हाय मला."