कॅम्प एकमधल्या न तुटणाऱ्या सुया

उल्हासनगरला खरेदी सोडून कोणी फिरायला जातं का, असं तुम्ही विचाराल. मीही कामालाच गेले होते, नव्वदच्या दशकात. परदेशी मदतीवर चालणाऱ्या एका योजनेत मी नवीन होते. लहान कारखान्यांचा माल बाहेरच्या बाजारात टिकावा म्हणून ही योजना त्यांना शिकवणी, तपासणी आणि थोडी साधनं देई. उल्हासनगरच्या कॅम्प एक या भागातल्या एका शिलाई कारखान्याची पहिली परदेशी ऑर्डर, बाळांचे फ्रॉक, चार दिवसांनी निघायची होती. पण माझी सही झाली तरच.

सही करायच्या आधी मी प्रत्येक कागद तीनतीनदा वाचायचे. चौथीपर्यंत मला आईनेच घरी शिकवलं, आणि एक खाडाखोड झाली तरी ती अख्खं पान पुन्हा लिहून घ्यायची.

मी राहायचे त्या बदलापूरहून अंबरनाथपर्यंत शेअर रिक्षा मिळते. वाटेत शिवमंदिर पाहिलं. तिथे सकाळीच जा, तिरप्या उन्हात कोरीव काम उठून दिसतं. शेजारच्या नाल्याचा वास मात्र सोसावा लागतो. उल्हासनगरात दाल-पकवान हा सिंधी नाश्ता खाल्ला, तेव्हाच्या चार रुपयांत दुपारपर्यंत भूक नाही. गल्ल्या अरुंद आहेत, पत्ता विचारतच पुढे जावं.

मालक गोपशेठनी आधी पापड आणि पाणी पुढे केलं, मग रजिस्टर. मशीनवर सुई तुटली की तिचे सगळे तुकडे शोधून त्यात चिकटवायचे, असं योजनेने शिकवलं होतं. एखादं टोक बाळाच्या कपड्यात राहिलं तर? रजिस्टर कोरं होतं.

"एक भी नहीं टूटी, मॅडम," गोपशेठ अभिमानाने म्हणाले.

अंबरनाथहून येणाऱ्या लताताई तिथल्या सर्वांत जुन्या कारागीर. त्या मशीनवरून मान वर न करता म्हणाल्या, "मग देवाऱ्यातच मांडा की त्या सुया."

बायका हसल्या. मी सही केली नाही. जेवणाच्या सुट्टीत लताताईंजवळ बसले, तेव्हा त्यांनी मिश्रीची डबी उघडून दाखवली. आत सुयांचे तुकडे होते. सुई तुटली की तिचे पैसे पगारातून कापायचे, ही इथली जुनी रीत. "तुमचं रजिस्टर भरायचं म्हणजे आपणच आपला पगार कापून घ्यायचा, बाई."

तुकडे जुळवले. एका सुईचं टोक मिळेना.

मी गोपशेठना नाव न घेता सांगितलं. केबिनमध्ये त्यांनी ऑर्डरचा कागद काढून तारीख पुन्हा वाचली. माल उशिरा गेला तर ऑर्डर जाईल, आणि या बायकांचं कामही, हे मलाही कळत होतं. शेवटी ते बाहेर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आजपासून सुईचे पैसे कापणार नाही. निकालो सब."

आणखी दोन डब्या निघाल्या. बांधलेले खोके फोडून प्रत्येक फ्रॉकवरून लोहचुंबक फिरवलं. संध्याकाळी एका झालरीत ते टोक सापडलं. गोपशेठनी मुदत मागणारा फॅक्स पाठवला. आठवडा मिळाला, आणि मी सही केली.

बदलापूरला घरी येऊन मी अहवाल लिहिला. टोकाबद्दल लिहिलं, पगारातल्या कपातीबद्दलही लिहिलं, आणि तिच्याबद्दल आम्ही कधी विचारलंच नव्हतं हेही. मदत देणाऱ्यांनी चुंबक दिलं होतं, चिकटपट्टी दिली होती. बाई सुई का लपवेल, एवढंच विचारायचं राहून गेलं होतं.

महिन्याने रजिस्टर आलं. त्यात एकवीस तुटलेल्या सुया होत्या, सगळ्या तुकड्यांसकट चिकटवलेल्या. आमच्या योजनेचे साहेब एवढा आकडा पाहून काळजीत पडले. मला त्या रात्री कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली.