सुनंदाताईंचं स्टेटस

सकाळी चहा घेताना ओळखीच्यांची स्टेटस पाहायची मला सवय आहे. परवा सुनंदाताईंचं दिसलं. भरजरी साड्या, झेंडूची तोरणं आणि खाली 'आनंदाची पर्वणी, आजच भेट द्या!' मी कप खाली ठेवला. आदल्याच दिवशी आम्ही त्यांच्या यजमानांना स्मशानात पोचवून आलो होतो.

सुनंदाताई आमच्या शेजारी राहतात आणि चौकातल्या साडीच्या दुकानात नोकरी करतात. संध्याकाळी भेटायला गेलो तेव्हा मी हळूच विचारलं, "ते चुकून गेलं का?"

"नाही हो भाऊ. रोज नऊच्या आत टाकायचंच असतं. मालक म्हणतात, दुकान म्हणजे आपलं घर. घरच्यांनी नाही सांगायचं तर कोणी?"

"पण आज तरी..."

"आमच्या दुकानातल्या रेखाने दोन दिवस टाकलं नाही. आधी तिला ग्रुपमधून काढलं, मग कामावरून."

पूर्वी शटर पडलं की माणूस दुकानातून सुटायचा. आता दुकान त्याच्या मागोमाग घरी येतं, सुतकाच्या सतरंजीवरही बसतं, आणि त्याला ऊठ म्हणायची कोणाची छाती होत नाही.

अशा घरून निघताना 'येतो' म्हणत नाहीत, म्हणून मी नुसताच उठलो. सुनंदाताईंनी मान वर केली आणि मऊ, सरावलेल्या आवाजात म्हणाल्या, "रविवारी वहिनींना घेऊन या ना दुकानात. नवा माल आलाय."

डोळ्यांतलं पाणी त्यांनी अजून पुसलंही नव्हतं.