आढ्यावरचे मोर

कामशेतच्या वखारीत ताज्या कापलेल्या लाकडाचा वास आला आणि आमच्या माळावरचा ऐन आठवला. तेवढंच एक उंच झाड उरलं होतं. मोर रात्री त्यावरच बसत. हे ठाऊक असूनही लग्नाआधी नवं घर बांधताना मी ते छपराच्या मधल्या आडव्या तुळईसाठी, आढ्यासाठी तोडलं. उन्हाळाभर मोर दिसले नाहीत; माझं मन मला खात राहिलं.

कौलं चढली त्या संध्याकाळी पाच मोर थेट आमच्या छपरावर उतरले. कौलं खडखडली. ती फुटतील म्हणून मी काठी उचलली, तर शेजारचे धोंडूआबा हसत ओरडले, "हाकलतुस कुनाला? झाड त्येंचंच हाय, तू निस्तं आडवं केलंयस!"

मी काठी ठेवली. फुटकी कौलं दरसाल मुकाट्याने बदलतो, आणि बदलताना हसूही येतं.