कॅमेरा बंद आहे, काकी

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. एकदा डायरीत लिहायला घेतली होती — अर्ध्या पानावर थांबले, पान फाडलं, आणि तुकडे मोरीत पाणी ओतून वाहवून टाकले. इतकी काळजी घेतली. ज्यांना ती सांगायला हवी अशी दोनच माणसं आहेत. एकाला ती आधीपासून ठाऊक आहे. दुसरीला — दुसरीला ती उलटीच ठाऊक आहे. आणि तशी ती मीच सांगितली आहे.

सुरुवात मजेची होती, हे आधी सांगू दे. नाहीतर तुम्हाला वाटेल, मी पहिल्यापासून काहीतरी मनात धरून होते.

खोपोलीच्या कॉलेजात मी मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमचं गाव कर्जतकडे, कोंडाण्याच्या लेण्यांच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. सरांनी प्रकल्प दिला होता — भयपटाचा ट्रेलर करायचा. अख्खा सिनेमा नाही, फक्त दोन मिनिटांचा ट्रेलर. आमच्या गटात तिघं. दिग्दर्शन माझ्याकडे. ऋतुजा भूत होणार होती. आणि कॅमेरा नि एडिटिंग इरफानकडे. इरफानच्या वडलांचं खोपोलीच्याच शिळफाट्याला मोबाईल दुरुस्तीचं दुकान. त्यामुळे त्याला वायरी, माईक, जुन्या लेन्स असलं सगळं कुठून कुठून मिळायचं. शांत मुलगा. काम करताना जिभेचं टोक दातात धरायचा.

महिनाभर आम्ही दुसरं काही केलं नाही. मी वहीत चौकोन आखले होते, एकेका चौकोनात एकेक शॉट. गावाबाहेरची बंद पडलेली भाताची गिरणी ही आमची मुख्य जागा. त्याआधी लेणी बघून आलो होतो, पण तिथं सहलीला आलेली माणसं भेळ खात बसली होती. ऋतुजाला नि मला दिवेलागणीनंतर बाहेर थांबायची परवानगी नव्हती. म्हणून इरफाननं तोड काढली — भर दुपारी शूट करायचं आणि एडिटिंगमध्ये काळोख करायचा. उन्हाचा निळसर चांदण्यासारखा उजेड होतो, हे त्यानं मला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी चाटच पडले. आवाजासाठी आम्ही ओल्या सुपावर नखं ओढली. गिरणीच्या दाराचं बिजागर वीस वेळा करकरवलं. त्या महिन्याइतकी आनंदात मी पुढं कधी होते? नीट आठवून सांगते — नव्हते.

अडलं ते भुतापाशी. ऋतुजाच्या तोंडाला मैदा, डिंक, बिटाचा रस, सगळं लावून पाहिलं. ती हसली की पीठ तडकायचं. सरांनी कच्चं एडिटिंग पाहिलं आणि म्हणाले, "मेहनत दिसते. पण भीती नाही वाटत. चेहरा खोटा आहे."

मेकअप सुधारा, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. पण मला त्याच क्षणी एक खरा चेहरा आठवला. आठवला — इथवर माझा दोष नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. आठवणं काय आपल्या हातात असतं? पण घरी पोचेपर्यंत मी वहीत एक नवा चौकोन आखला होता. ते तर हातात होतं.

नंदाकाकी आमच्या गावच्या अंगणवाडीत मदतनीस. खिचडी शिजवायची, पोरांना बोलावून आणायची, त्यांची नाकं पुसायची. मीही तिच्याच हातचं खाऊन मोठी झाले. लग्न होऊन ती गावात आली त्याच वर्षी स्टोव्हचा भडका उडाला आणि तिच्या चेहऱ्याची डावी बाजू कानशिलापासून गळ्यापर्यंत भाजली. डोळा खाली ओढला गेला, ओठाचा कोपरा वर. रस्त्यानं जाताना ती डाव्या गालावर पदर ओढून घ्यायची. एसटीत, बाजारात, लग्नात, सगळीकडे. पण अंगणवाडीच्या दारातून आत शिरली की पदर खांद्यावर. पोरांसमोर ती झाकायची नाही. मी चार वर्षांची असताना तिला विचारलं होतं म्हणे, की तुझं तोंड असं का गं. तेव्हा ती म्हणाली होती, "इस्टोनं पापा घेतला माजा." आम्हा सगळ्या पोरांना ते पटलं होतं. कुणाला त्या चेहऱ्याचं कधी काही वाटलं नाही. ऐकताय ना? कुणालाच नाही.

मी तिला सांगितलं, कॉलेजातर्फे अंगणवाडीवर माहितीपट करतोय.

"माजं तोंड नाय ना येनार त्यात?" तिनं विचारलं.

"नाही येणार, काकी. फक्त हात. खिचडी ढवळताना."

ती तयार झाली. दुसऱ्या दिवशी धुतलेलं पातळ नेसून आली, बांगड्या भरून आली. हातच दिसणार होते ना — म्हणून.

पोरं घरी गेल्यावर दुपारी आम्ही शूट केलं. इरफाननं खरोखरच तिच्या हातांचे शॉट घेतले, मन लावून. त्याला मी हेच सांगितलं होतं की सुरुवातीला गावातलं साधं आयुष्य दाखवायचंय. मग मी त्याला दुकानातून पाण्याची बाटली आणायला पाठवलं. मुद्दाम पाठवलं. कॅमेरा स्टँडवर होता; तो मी कोठीच्या दाराकडे वळवला. काकी मागच्या कोठीच्या खोलीत डबे लावत होती. तिथं एकच खिडकी, एकच तिरीप.

"काकी, जरा बस आता. दमलीस. पदर कशाला धरून ठेवतेस उकाड्यात? मीच आहे."

"त्यो चालू हाय का?"

"नाही. कॅमेरा बंद आहे, काकी."

तिनं पदर सोडला. पाठमोरी बसून गळ्याचा घाम टिपला. मी हाक मारली — "काकी" — आणि तिनं वळून माझ्याकडे पाहिलं आणि हसली. मला बघून हसली. लहानपणापासून हसत आली तशी.

तो शॉट सात सेकंदांचा होता. इरफाननं तो एडिटिंगला बसल्यावर पाहिला. पुन्हा मागे नेऊन पाहिला. मग म्हणाला, "यांना विचारलंयस ना तू?"

"हो. विचारलं."

त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. मी सांगत गेले तसं तो करत गेला. वेग निम्म्यावर आणला, दुपार काळी केली, खाली सुपावरच्या नखांचा आवाज घातला. आणि ते हसू — तुम्ही पाहिलं असतंत तर तुम्हीही दचकला असता. मीही दचकले. इरफाननं मान दुसरीकडे वळवली. मी म्हटलं, हेच हवंय. यावरच संपवू.

कॉलेजात ट्रेलर दाखवला तेव्हा मागच्या रांगेतल्या मुली किंचाळल्या. आम्हाला पहिला नंबर मिळाला. घरी येताना मी तो स्टेटसला टाकला. दुसऱ्या कुणी नाही, मी. माझ्या फोनमध्ये अर्धं गाव होतं, हे मला माहीत नव्हतं का? होतं. मग का टाकला? मला वाटतं, कौतुक इतकं गोड लागलं होतं की त्या घटकेला नंदाकाकी मला माणूस म्हणून दिसतच नव्हती. तो माझा शॉट होता.

गावात तो एकेका फोनवरून पसरला. लहान पोरांनी आईबापांच्या मोबाईलवर तो पाहिला, परत परत. दोन दिवसांनी सकाळी काकी नेहमीसारखी शेजारच्या आळीत पोरांना बोलवायला गेली, तर साडेतीन वर्षांची एक मुलगी तिला बघून दारामागे लपली आणि उलटी होईपर्यंत रडली. त्या आठवड्यात पाच-सहा पोरं अंगणवाडीत यायची बंद झाली. जी आली ती तिच्या हातची ताटली घेईनात. काकीनं पोरांसमोर पहिल्यांदा पदर ओढून घेतला. त्यानं पोरं आणखीच घाबरली. एक आई अंगणवाडीच्या बाईंना म्हणाली, पोर बिचकतंय, काही दिवस काकीला आतच ठेवा. वाईट हेतूनं नाही म्हणाली. कुणाचाच हेतू वाईट नव्हता.

मग माणसं आमच्या घरी आली. काकीचा दीर होता, गावातले दोन जाणते होते. बाबांनी मला बाहेर बोलावलं. ओटीवर सगळे बसलेले. काकी स्वतः आली नव्हती.

बाबांनी विचारलं, "हे तू केलंस?"

आता ऐका, कारण इतका वेळ मी याच्याभोवतीच फिरतेय.

मी म्हटलं, "मी नाही. आमच्या गटात एक मुलगा आहे, एडिटिंग तोच करतो. इरफान. त्यानं कॅमेरा मुद्दाम चालू ठेवून चोरून काढला तो शॉट. मला माहीतच नव्हतं."

नाव ऐकल्यावर ओटीवर जे झालं ते मी विसरू शकत नाही. कुणी ओरडलं नाही. उलट सगळ्यांचे खांदे सैल पडले. काकीचा दीर म्हणाला, "मंग बरोबर." एवढंच. पुढं कुणी मला एक प्रश्न विचारला नाही. स्टेटस माझा होता, हेसुद्धा कुणी काढलं नाही. आणि हे असंच होणार, हे मला तोंड उघडण्याआधी ठाऊक होतं. मी घाबरून काहीतरी बोलून गेले, असं नाही. ऋतुजाचं नावही माझ्या डोक्यात येऊन गेलं होतं. मी दोन नावं तोलली आणि ज्यावर आमच्या ओटीवर लगेच विश्वास बसेल ते निवडलं.

ते लोक शिळफाट्याला दुकानात गेले. तिथं काय बोलणं झालं, मला माहीत नाही. विचारायची छाती झाली नाही. चार दिवसांनी इरफानचे वडील त्याला घेऊन आमच्या गावात आले. पांढरा सदरा घातलेला साधा माणूस, सारखा घाम पुसत होता. काकीच्या अंगणात पंधरावीस माणसं जमली होती. मलाही बाबांनी नेलं. काकी दारात उभी होती, पदर ओढून, फक्त उजवा डोळा दिसत होता.

इरफाननं हात जोडले. "काकी, माझं चुकलं. मी विचारायला पाहिजे होतं."

शब्द नीट बघा. खोटं असं तो काहीच बोलला नाही. विचारायला पाहिजे होतं. मग त्यानं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मी काही बोलतेय का, हे बघत होता. मी बोलायला हवं होतं ना — एक वाक्य पुरलं असतं. मी वळचणीला वाळत घातलेल्या चिंचांकडे बघत राहिले. त्याच्या वडलांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघं चालत गावच्या फाट्याकडे गेले. त्यांना रिक्षात घ्यायला कुणी तयार झालं नाही.

त्यानं खरं का सांगितलं नाही? मी कधी विचारलं नाही. सांगून कुणाला पटलं नसतं, हे त्याला अंगणात पाऊल टाकतानाच कळलं असावं. वर्ष संपेपर्यंत तो वर्गात पुढच्या बाकावर, माझ्याकडे पाठ करून बसला. तिसऱ्या वर्षाला आला नाही. दुकानात बसतो, असं ऋतुजाकडून कळलं. मला मात्र त्या ट्रेलरच्या जोरावर मुंबईत काम मिळालं. मी ते घेतलं.

नंदाकाकीनं अंगणवाडी सोडली. कुणी काढलं नाही तिला. पोरं जेवत नाहीत हे तिला बघवेना. खोपोलीच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये भांडी घासायला लागली. तिथं मागच्या बाजूला काम असतं, कुणासमोर जावं लागत नाही.

गेल्या वर्षी माहेरी आले होते तेव्हा खोपोलीच्या बाजारात ती भेटली. तिनंच हाक मारली. पदर घट्ट धरलेला, केस पिकलेले. लग्नाचं विचारलं, आईच्या गुडघ्यांचं विचारलं. मी उत्तरं देत होते आणि कधी एकदा निघते असं झालं होतं. मग ती जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "प्राजू, त्यो पोरगा भेटतो का गं तुला? इरफान?"

"नाही, काकी. का?"

"भेटला तर सांग त्याला. माज्या मनात काय नाय. ल्हान व्हता, चुकला. त्याचा बाप उनात किती घामाघूम झालता, माज्या डोळ्यापुढून जात नाय. आमी त्येंना पानीपन इचारलं नाय. सांगशील ना?"

भर दुपार होती. आजूबाजूला आमचं बोलणं ऐकणारं कुणी नव्हतं. तिथून शिळफाटा फार लांब नाही, आणि ते दुकान अजून तिथंच आहे, हे मला माहीत होतं.

"सांगते," मी म्हटलं.

आणि कर्जतला जाणारी गाडी पकडून घरी आले.